पोचलं का?

अण्णांच्या हातात पत्र फार वेळ राहायचं नाही. मिरजेच्या घरी पोस्टमन आला की तेच पुढे व्हायचे, एका नजरेत पत्ता वाचायचे आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचे. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं टपालाची छाटणी केली. त्यातल्या कितीतरी रात्री धावत्या गाडीतल्या टपालाच्या डब्यात गेल्या. समोर लाकडी खणांची भिंत, डाव्या हातावर पत्रांची चळत आणि खणाकडे न बघताच बरोबर खणात जाणारा उजवा हात. मी लहानपणी एकदा मिरज स्टेशनवर त्यांना डबा द्यायला गेले होते, तेव्हा तो हात पाहिला. अजून तो डोळ्यांसमोर आहे.

पिनकोड येण्याआधीच्या गोष्टी ते रंगून सांगायचे. पाकिटावर नुसतं ‘वडगाव’ लिहिलेलं असायचं. आता कुठलं वडगाव? मग पाठवणाऱ्याचं गाव, आडनाव, अक्षराचं वळण, सगळ्याचा मेळ घालून अंदाज बांधायचा. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि ते काम हलकं झालं. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, हे अण्णा आवर्जून सांगत. “कवीनं केलं म्हणून त्याला लय आहे बघ. पहिला आकडा विभागाचा. चार म्हणजे आपलं.”

आणि ज्याचा पत्ता लागतच नाही, ते पत्र? “ते आरएलओला,” अण्णा म्हणायचे. रिटर्न्ड लेटर ऑफिस. तिथल्या नेमलेल्या माणसांनाच पत्र उघडायची मुभा. आत पाठवणाऱ्याचा पत्ता सापडला तर ते परत जायचं. “पत्र टाकून द्यायचा अधिकार सॉर्टरला नाही,” हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की ते माझ्यात कधी मुरलं ते कळलं नाही.

२००४ साली मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लागले. जिन्याखालच्या एका खोलीत संस्थेचा मेल सर्व्हर होता. पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावून इनबॉक्स दाखवला. लॉटऱ्या, औषधं, परदेशातल्या अनोळखी वारसांची कोट्यवधींची इस्टेट. विद्यापीठाचं परिपत्रक त्यात कुठेतरी बुडालेलं. “यावर काही करता येईल का?” त्यांनी विचारलं. त्या प्रश्नातून माझ्या आयुष्यात स्पॅमअ‍ॅसॅसिन आलं, ते आजवर आहे.

जस्टिन मेसन या आयरिश प्रोग्रॅमरने २००१ साली ते खुलं केलं. पर्ल भाषेत लिहिलेलं, फुकट, आणि मुख्य म्हणजे आतला कोड कुणालाही वाचता येईल असं. मी लागले त्याच वर्षी ते अपाची फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं. आमच्या सर्व्हरवर मी पहिल्यांदा बसवली ती २.६३ ही आवृत्ती.

त्याची रीत मला पहिल्या दिवसापासून आवडली, कारण ती एकदम निकाल देत नाही. प्रत्येक पत्राला शेकडो नियम लावून बघते. विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत आहे? थोडे गुण. पाठवणारा सर्व्हर बदनाम यादीत आहे? आणखी गुण. ओळखीच्या विश्वासू ठिकाणाहून आलंय? गुण वजा. शेवटी बेरीज होते. मुळात ठरवून दिलेली मर्यादा पाच गुणांची. पाच झाले की पत्रावर ‘स्पॅम’ असा शिक्का बसतो, आणि कुठल्या नियमाने किती गुण दिले याचा तक्ता पत्राबरोबरच जोडला जातो. ते पत्र नष्ट करत नाही. शिक्का मारून पुढे देतं. पुढे काय करायचं ते माणसाने ठरवायचं. मी हे अण्णांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. “म्हणजे तोही सॉर्टरच. टाकत नाही ना, मग बरं.”

याशिवाय त्याला शिकवताही येतं. पॉल ग्रॅहम यांच्या २००२ सालच्या एका लेखानंतर बेजच्या गणिताने स्पॅम ओळखण्याची पद्धत सगळीकडे पसरली. कुठला शब्द नकोशा पत्रांत किती वेळा येतो आणि हव्याशा पत्रांत किती वेळा, यावरून संभाव्यता काढायची. स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये हे गणित सुरू व्हायला किमान दोनशे वाईट आणि दोनशे चांगली पत्रं शिकवावी लागतात. वाईट दोनशे एका दुपारीत गोळा झाली. चांगली मात्र मिळेनात. आपली खरी पत्रं दुसऱ्याच्या हाती कोण देईल? मी एकेका विभागात जाऊन बसले, प्रत्येकाला स्वतःच्या हाताने निवडायला सांगितली. दोनशे व्हायला तीन आठवडे लागले. वाईट काय हे सगळे हिरिरीने सांगतात. चांगलं काय हे यंत्राला दाखवायचं तर कुणीतरी विश्वासाने आपलं काही पुढे ठेवावं लागतं, हे मी त्या तीन आठवड्यांत शिकले.

मग २०१० चा जानेवारी आला.

आमच्याकडे तेव्हा ३.२.५ होती. तिच्यात एक नियम होता, फार पुढची तारीख टाकलेली पत्रं पकडणारा. स्पॅम पाठवणारे भविष्यातली तारीख घालत, म्हणजे पत्र यादीत सगळ्यात वर दिसेल. नियम लिहिणाऱ्याने ‘फार पुढची’ म्हणजे २०१० आणि त्यानंतरची, असं धरलं होतं. लिहिताना ते वर्ष लांब होतं. १ जानेवारीला रात्री बारा वाजता ते लांबचं वर्ष आजचं झालं, आणि जगातलं प्रत्येक प्रामाणिक पत्र ‘भविष्यातून आलेलं’ ठरू लागलं. आमच्याकडे प्रत्येकाला तीनाहून जास्त गुण आपोआप. पाचाला पोचायला मग फारसं काही लागत नाही.

दुरुस्ती सोपी होती, एका आकड्याची. विकसित होत असलेल्या पुढच्या आवृत्तीत ती आधीच झालेली होती. आमच्या हातातल्या आवृत्तीपर्यंत मात्र पोचली नव्हती. गोंधळ लक्षात येताच प्रकल्पातल्या लोकांनी त्याच दिवशी नियमांचं अपडेट सोडलं. पण मी अपडेट महिन्यातून एकदा हाताने चालवायची. माझ्या सर्व्हरवर ते सोमवारी, ४ तारखेला दुपारी लागलं.

त्या संध्याकाळी मी स्पॅमच्या फोल्डरमधली चार दिवसांची पत्रं एकेक करून उघडली. एकशे बारा चांगली पत्रं निघाली. त्यातलं एक परीक्षा विभागाला एका विद्यार्थिनीने सायबर कॅफेतून लिहिलेलं. फॉर्मवर आईचं नाव चुकलंय, दुरुस्त करून मिळेल का, एवढंच. खाली ‘आपली आज्ञाधारक’. दुरुस्तीची मुदत त्याच दिवशी साडेपाचला संपली होती आणि घड्याळात सव्वासात झाले होते. मी त्या पत्राचा प्रिंटआउट घेतला, दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात गेले, चूक सर्व्हरची आहे असं लेखी दिलं, आणि दुरुस्ती करून घेतली.

त्या रात्री झोप आली नव्हती. नकोसं पत्र इनबॉक्समध्ये आलं की लोक लगेच फोन करतात. हवं असलेलं पत्र अडलं तर कुणीच काही बोलत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं पोचलं, घेणाऱ्याला वाटतं कुणी लिहिलंच नाही. ती मुलगी घरी उत्तराची वाट बघत बसली असेल, आणि आपल्याला कुणी विचारत नाही असंच तिला वाटलं असेल. ज्या चुकीची तक्रार येत नाही, तिचं ओझं सांभाळणाऱ्यानेच उचलायचं असतं.

सुधारणा जगात कुठेतरी झालेली असणं आणि ती आपल्या दारापर्यंत येणं, यात अंतर असतं. अपग्रेड म्हणजे ते अंतर चालून जाणं. दुसऱ्या दिवसापासून नियमांचं अपडेट रोज रात्री आपोआप चालू लागलं. आणि ते पत्र, नाव-गाव काढून, मी एका फाइलमध्ये जपून ठेवलं.

पुढे त्याच सर्व्हरवर मराठी वाढत गेली. ईमेलमधून जाताना देवनागरीचं रूप पालटतं. यूटीएफ-८ मध्ये एका चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘विद्यापीठ’ या शब्दाचे काना-वेलांट्या आणि हलन्त धरून नऊ चिन्हांचे सत्तावीस. मग बेस-६४ नावाची पद्धत दर तीन बाइटांची चार रोमन चिन्हं करते. त्यामुळे लॉगमध्ये मराठी विषय मराठी दिसतच नाही. पण बघून बघून माझ्या लक्षात आलं, देवनागरी अक्षराने उघडणारी विषयाची ओळ या वेषात जवळजवळ नेहमी चार-के-एस अशीच सुरू होते. हजारो ओळींच्या रोमन गर्दीत ती तीन चिन्हं दिसली की मला कळायचं, कुणीतरी आपल्या लिपीत लिहिलंय. अण्णांना दाखवलं तर त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनवर बोट ठेवलं. “चार. आपलाच विभाग.” योगायोगच तो, पण त्या दिवशी आम्ही दोघं मनापासून हसलो.

स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये भाषा ओळखणारा एक भाग आहे. आपल्याला कुठल्या भाषांतली पत्रं हवीत ते त्याला सांगून ठेवायचं. त्या भाषांच्या यादीत मराठी आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये इंग्रजीशेजारी मी मराठी आणि हिंदीची खूण लिहिली तेव्हा परक्या गावच्या वाचनालयात आपलं पुस्तक सापडावं तसं वाटलं. बेजच्या गणितात मात्र आपल्या लिपीचे हाल व्हायचे. जुन्या आवृत्त्यांत लांब मराठी शब्द अक्षरांवर न तुटता बाइटांवर तुटायचा, आणि अक्षराच्या मधोमध तुटलेल्या तुकड्यांवरून कुणी काय शिकणार?

२०२० मध्ये पुन्हा एकदा मुदत आली. नियमांचा गठ्ठा येतो तेव्हा त्याबरोबर एक पडताळणीचा आकडा येतो. वाटेत कुणी ढवळाढवळ केली नाही याची ती खूण. टपालाच्या थैलीवर लाखेचा शिक्का असायचा, तसाच. शा-१ हा जुना शिक्का आता भरवशाचा राहिला नव्हता, म्हणून १ मार्च २०२० पासून तो बंद होणार होता. नवे शिक्के ओळखता येतात ते ३.४.२ पासून पुढे; आमच्याकडे ३.४.१. अण्णांना पटवून द्यावं लागलं नाही. “शिक्का ओळखू येत नसेल तर थैली घ्यायचीच नाही,” ते म्हणाले. फेब्रुवारीतच मी अपग्रेड उरकलं. महिन्याभरात लॉकडाउनमुळे सगळं बंद झालं आणि महाविद्यालयाचा सारा व्यवहार त्या जिन्याखालच्या सर्व्हरवरून चालू लागला.

४.०.० डिसेंबर २०२२ मध्ये आली. जगातल्या निरनिराळ्या भाषांतला मजकूर नीट हाताळणं हा तिचा एक मोठा भाग. वेगवेगळ्या एन्कोडिंगमधला मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये आणून मगच नियम लावायचे, हे आता मुळातच चालू. मी उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत थांबले आणि मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री, मिरजेच्या घरातूनच, कामाला बसले.

क्रम ठरलेला आहे. आधी सेटिंगच्या फाइली बाजूला घ्यायच्या. मग वीस वर्षांत शिकवलेलं सगळं, बेजचा डेटाबेस, एसए-लर्नने एका फाइलीत उतरवून घ्यायचा. यंत्र बदललं तरी ती ठेव राहिली पाहिजे. मग नवी आवृत्ती. मग लिंट, म्हणजे सेटिंगमध्ये कुठे चूक आहे का ते तपासणं. काही जुने शब्द बदललेत, ते वाचून दुरुस्त करायचे. मग जीट्यूब: एक ठरलेली अक्षरांची माळ, जी पत्रात असली की एक हजार गुण मिळालेच पाहिजेत. मिळाले. म्हणजे वाईट ते पकडलं जातंय.

पण माझी खरी परीक्षा त्यानंतरची. मी जपलेली फाइल काढली आणि २०१० सालचं ते पत्र नव्या आवृत्तीतून पाठवलं. दर अपग्रेडला पाठवते. तक्ता उमटला. बेरीज शून्याच्या खाली.

अण्णा जागेच होते. त्र्याऐंशी वर्षांचं शरीर, पण रात्रपाळीची सवय सुटलेली नाही. दारात येऊन त्यांनी विचारलं, “पोचलं का?”

“पोचलं, अण्णा.”

“आणि बाकीची?”

मी स्पॅमचा फोल्डर उघडला. त्या रात्रीची एकतीस पत्रं होती. अण्णांनी खुर्ची ओढून घेतली, आणि आम्ही पहिल्यापासून एकेक वाचायला लागलो.