प्रवाळाआधीचे पाणी

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या पुण्यात, आणि त्यातही मंडईसारख्या, पालेभाजीच्या जुड्या आणि फळांच्या टोपल्या यांच्याच गजबजाटात दिवस उजाडणाऱ्या वस्तीत, घराच्या एका कोपऱ्यात समुद्र मांडण्याची हौस ज्याला लागते, त्याला प्रारंभीच एक गोष्ट पत्करावी लागते ती ही, की येथे समुद्राचे काहीही आयते मिळत नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडले, तेव्हा त्याच्या दारासमोरच अरबी समुद्र पसरलेला होता. आमच्या पेठांना पाणी येते ते खडकवासल्याच्या धरणसाखळीतून, पर्वतीच्या जलकेंद्रामार्गे, आणि तेही एखाद्या गुरुवारी दुरुस्तीच्या निमित्ताने बंद असते. त्या गोड्या पाण्याचा समुद्र करावयाचा, आणि तो समुद्र प्रवाळासारख्या नाजूक जीवाला मानवेल इतका परिपक्व होईपर्यंत थांबावयाचे, हा सारा खटाटोप मला गेली काही वर्षे इतका मोलाचा वाटत आला आहे, की प्रवाळापेक्षा त्याच्या आधीच्या पाण्याविषयीच लिहावे असे मनात आले.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो तो जंतू मारण्यासाठी, आणि आपल्याला तर जंतूच जगवायचे असतात. म्हणून ते पाणी प्रथम आरओच्या आणि त्यापुढील, उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआयच्या गाळणीतून काढून जवळजवळ निर्द्रव्य करून घ्यावे लागते. मग त्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री क्षारांचे तयार मिश्रण मिसळावयाचे. स्वयंपाकघरातले मीठ येथे उपयोगाचे नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम अशी द्रव्ये आपापल्या ठरलेल्या प्रमाणात नांदत असतात, आणि दर लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या आसपास असणाऱ्या कॅल्शियममधूनच पुढे प्रवाळ आपला सांगाडा उभारणार असतो. मंडईच्या आसपासच्या काष्ठौषधींच्या दुकानांत प्रवाळ पिष्टीची जी पुडी मिळते, तिच्यातला मुख्य अंशही हाच, कॅल्शियम कार्बोनेटचा. फरक एवढाच, की त्या पुडीतले तांबडे प्रवाळ भित्तिका रचणाऱ्या प्रवाळाहून वेगळ्या कुळातले, खोल आणि अंधाऱ्या पाण्यात वाढणारे. जागेचा विचारही याच वेळी करावा. दोनशे लिटरांच्या टँकचे नुसते पाणीच दोनशे किलोंवर जाते, त्यात दगड, वाळू आणि काच यांची भर पडते. तेव्हा जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर असा भार ठेवण्याचे धाडस कोणी करू नये.

पाणी खारे झाले, पंपाने ते फिरू लागले, तळाशी ॲरॅगोनाइटची शुभ्र वाळू बसली आणि सच्छिद्र दगडांची रचना मनासारखी जमली, की टँक सज्ज झाला असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात तो त्या घटकेला एखाद्या ओसाड बेटाइतका रिकामा असतो. त्यात मासा सोडला, तर त्याच्याच उत्सर्गातून निघणारा अमोनिया त्याच्या कल्ल्यांना जाळतो. आणि समुद्राचे पाणी अल्कधर्मी, पीएच ८.२ च्या आसपासचे असल्यामुळे अमोनियाचा अधिक विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा तेथे जास्त असतो. म्हणून जीव सोडण्यापूर्वी त्या जीवाचा मळ पचविणारी वस्ती आधी वसवावी लागते. या क्रियेला हौशी मंडळी 'सायकलिंग' म्हणतात. मासळीबाजारातून आणलेल्या एका कोळंबीचा तुकडा जाळीच्या पिशवीत बांधून टँकमध्ये सोडला, किंवा अमोनियम क्लोराइडचे मोजके थेंब घातले, की अमोनिया निर्माण होतो. त्यावर जगणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि दगडाच्या अगदी आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या छिद्रांत तिसऱ्याच प्रकारचे जीव त्या नायट्रेटचा नत्रवायू करून तो हवेत परत धाडतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. दगड, वाळू, काच, जो पृष्ठभाग मिळेल त्याला ते धरून राहतात. सच्छिद्र दगडाचे महत्त्व शोभेपेक्षा या निवाऱ्यासाठी आहे.

या अदृश्य कारभाराचा हवाला मिळतो तो काचेच्या एका लहान नळीत. पाच मिलिलिटर पाणी घ्यावे, दोन बाटल्यांतले थेंब मोजून सोडावेत, झाकण लावून नळी हलवावी आणि काही मिनिटांनी ती पांढऱ्या कागदापुढे धरून खिडकीच्या उजेडात पाहावी. अमोनिया नसेल तर पाणी निव्वळ पिवळे राहते; असेल तर त्यात हिरवट झाक येते, आणि पहिल्या आठवड्यात ती झाक दिवसागणिक गडद होत गर्द हिरव्यापर्यंत जाते. मग एके दिवशी हिरवा फिका पडू लागतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या नळीत, जी इतके दिवस निळी राहात आली होती, नायट्राइटचा जांभळा रंग उतरतो. तो जांभळाही ओसरून पुन्हा निळा झाला, अमोनियाची नळी पिवळी राहिली आणि नायट्रेटचे तेवढे तांबूसपण उरले, म्हणजे वस्ती बसली. या सर्वाला चार ते सहा आठवडे लागतात, कधी अधिकही. आतड्यातला एखादा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. नत्रीकरण करणाऱ्या या जिवाणूंना त्यासाठी अर्धा दिवस, प्रसंगी पूर्ण दिवसही लागतो. बाटलीबंद जिवाणू घालून ही मुदत आखूड करता येते, आणि चांगल्या प्रतीचे जिवाणू उपयोगी पडतात हेही खरे आहे. परंतु नळीने रुजुवात दिल्याखेरीज कोणत्याही बाटलीवरील आश्वासनावर जीव सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंडईजवळ राहणाऱ्याला ही गोष्ट समजावून घेण्यास फार लांब जावे लागत नाही. दिवसभर येथे जो माल येतो त्याबरोबर देठ, पाला, सडकी फळे यांचा ढीगही येतोच. बाजार उठल्यावर सफाई कामगार तो उचलतात, म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्याच फरशीवर कोथिंबिरीची हिरवीगार जुडी मांडता येते. हा ढीग चार दिवस जागीच राहिला, तर मंडईची अष्टकोनी इमारत कितीही भव्य असली तरी तेथे कोणी पाय ठेवणार नाही. टँकमधले जिवाणू करतात ते नेमके हे काम. इतिहासाचा योगायोगही असा, की ही इमारत, त्या वेळची रे मार्केट, १८८६ साली खुली झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९० च्या सुमारास, सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ज्यूरिखमध्ये नत्रीकरण करणारे जिवाणू वेगळे करून दाखविले, व प्रकाशावाचून, केवळ रासायनिक क्रियेतून मिळालेल्या शक्तीवर जगणारे जीव असतात हे सिद्ध केले. याच बाजाराच्या इमारतीवर नगरपालिकेने मोठी रक्कम घालावी याला जोतीराव फुले यांनी सभासद या नात्याने विरोध केला होता. तो पैसा आधी शिक्षणाकडे जावा असा त्यांचा आग्रह होता. पुढे इमारतीला त्यांचेच नाव दिले गेले. पैसा प्रथम कोठे घालावा हा त्यांनी विचारलेला प्रश्न मोठा होता. माझ्या छंदात तो फार लहान होऊन येतो, पण येतो खरा: रंगीत प्रवाळांत घालावा, की गाळणी, परीक्षा आणि प्रतीक्षा यांत.

नायट्राइट ओसरले तरी काम संपत नाही. त्यानंतर वाळूवर तपकिरी रंगाचा डायटमचा थर चढतो, मग हिरवे शेवाळ येते, आणि बऱ्याच काळाने, सर्व ठीक असेल तर, दगडांवर कोरलाइन शेवाळाचे जांभळे ठिपके दिसू लागतात. ते ठिपके पाहिल्याचा आनंद मला कोणत्याही माशाच्या रंगाने दिलेला नाही. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशात अन्न तयार करून आपल्या यजमानाला त्यातला मोठा वाटा देते. तापमान वाढून बराच काळ चढे राहिले, की हे सहजीवन मोडते आणि प्रवाळ पांढरे पडते. लक्षद्वीपच्या भित्तिकांवर १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच घडले. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जात असताना टँक पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवणे हा खर्चाचा आणि दक्षतेचा मामला आहे. चिलर परवडत नसेल तर पाण्यावर पंखा सोडून बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरविता येतात, पण उडून जाते ते केवळ पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून भरपाई नेहमी गोड्या आरओ पाण्याने करावी, खाऱ्याने कधीही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे भित्तिका रचणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांना २००१ साली १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. अशी प्रवाळे आपल्याच किनाऱ्याजवळही आहेत: मालवणला सिंधुदुर्गाच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस दूर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर पाण्याखाली मोठी प्रवाळभित्तिका आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० साली हलवाव्या लागल्या, तेव्हा सरकारी कामासाठीदेखील वन्यजीव कायद्याखालील परवानगी घ्यावी लागली. अशा कोणत्याही भित्तिकेचा तुकडा, जिवंत असो वा 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा, दिवाणखान्याच्या शोभेसाठी फोडून आणणे मला अक्षम्य वाटते. माझ्या टँकमधले दगड म्हणूनच भट्टीत भाजलेले, माणसाने घडविलेले आहेत, आणि त्यांवर जिवाणूंनी तक्रार न करता वस्ती केली आहे.

ज्यांना हा छंद लागला आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की पहिले दोन महिने टँकमध्ये पाणी, दगड आणि जिवाणू यांखेरीज काही ठेवू नका. आणि त्यानंतर कोणी प्रवाळ विकावयास आणले, तर रंग पाहण्यापूर्वी त्याचे मूळ कोठले आणि आयातीची कागदपत्रे कोणती हे विचारा, आणि कागद दाखविता आले नाहीत तर घेऊ नका.