अप, ऑफ, आउट

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. सातवीपर्यंत गो-वेन्ट-गॉन, टेक-टुक-टेकन घोकलं की काम भागत असे. आठवीत सरांनी फळ्यावर 'लुक' लिहिलं आणि त्याच्यापुढे एकाखाली एक ॲट, आफ्टर, फॉर, इन्टू, अप. पाहणे, सांभाळणे, शोधणे, चौकशी करणे, कोशात बघणे. मग 'पुट'ची यादी आली, 'गिव्ह'ची आली, 'टेक'ची तर वहीचं पान उलटून पलीकडे गेली. सर म्हणायचे, "कारण विचारू नका, पाठ करा. गाळलेल्या जागांना हमखास येतं."

गंमत म्हणजे पुढचाच तास संस्कृतचा. तिथे बाई 'हृ' धातू घेऊन प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असा सगळा परिवार उभा करायच्या आणि आम्ही माना डोलवायचो. करामत तीच: धातू एक, चिमुकला शब्द बदलला की अर्थ पार दुसरीकडे. पण संस्कृतातला उपसर्ग धातूच्या पुढ्यात चिकटून बसतो, मुकाट्याने. इंग्रजीतला मागे राहतो आणि वर कधी क्रियापदापासून सुटून लांब जाऊन उभा राहतो. पुढे कॉलेजात अष्टाध्यायीची तोंडओळख झाली तेव्हा कळलं की हे आपल्याकडेही होतं. उपसर्ग धातूच्या आधी येतात, असं पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात सांगितलं आहे. लगेच पुढच्या दोन सूत्रांत तो म्हणतो की वेदांत ते मागूनही येतात आणि मध्ये अंतर ठेवूनही येतात. म्हणजे जी मोकळीक वैदिक ऋषींना होती, ती आज लंडनच्या बसवाल्याला आहे!

इंग्रजीचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. जुन्या इंग्रजीत पुढे चिकटणारे उपसर्ग भरपूर होते. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड' ही त्या काळाची राहिलेली खूण. नंतर हे शब्द क्रियापदाच्या मागे जाऊ लागले आणि काही ठिकाणी दोन्ही रूपं नांदली, अर्थ वेगवेगळे घेऊन. हायवेवर ट्रक दुसऱ्या ट्रकला 'ओव्हरटेक' करतो. एक कंपनी दुसरीला 'टेक ओव्हर' करते. 'सेट अप' म्हणजे मांडणं, 'अपसेट' म्हणजे मांडलेलं उधळणं.

परक्यांना हा प्रकार छळतो, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत त्याची खास दखल घेतली. आपल्या भाषेत असे जोड इतर भाषांपेक्षा जास्त आणि परदेशी माणसाला तेच सगळ्यांत अवघड, म्हणून ते मी काळजीने टिपले आहेत, असा त्याचा आशय. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापून आलं ते फार नंतर, 1925 मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात. आणि त्यानेही त्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीला दिलं.

मी सरकारी नोकरीला लागलो तेव्हा राजभाषा अधिनियम होऊन बरीच वर्षं झाली होती. तो 1964 चा. टिपण्या मराठीत, पत्रं मराठीत, शेरे मराठीत. पण तोंडात मात्र 'पुटअप'. "जोशी, ती फाईल पुटअप केली का?" "भाऊसाहेब, उद्या सकाळी पुटअप करा." सादर करणे हा शब्द कागदावर, 'पुटअप' जिभेवर. त्याच शब्दाला 'विथ' लावलं की अर्थ होतो निमूट सोसणं. फाईल पुट अप करायची आणि साहेबांना पुट अप विथ करायचं, यातच कारकुनाची हयात जाते, असं आमच्या टेबलावर बोललं जाई.

मराठीने या इंग्रजी जोडांची व्यवस्था फार हुशारीने लावली आहे. तिने त्यांचं नामच करून टाकलं आणि मागे 'करणे', 'घेणे', 'होणे' जोडलं. "मला स्टँडवरून पिकअप कर", "डेटाचा बॅकअप घे", "गाडी ब्रेकडाऊन झाली". सर्वनाम कुठे घालायचं हा प्रश्नच उरला नाही. 'मला', 'त्याला' आपापल्या विभक्ती लेऊन पुढे मोकळे. आणि बरेचदा आपण सर्वनाम गाळतोच. पुस्तक खाली पडलं तर "उचल" म्हटलं की पुरे.

इंग्रजीत मात्र "पिक इट अप" म्हणावंच लागतं. निवृत्तीनंतर मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना संध्याकाळी शिकवत असे. त्यांतल्या एकाने अडवलं. "सर, पिक अप द बुक चालतं, पिक द बुक अप चालतं, मग पिक अप इट का नाही?" पाठ करा, हे उत्तर मला द्यायचं नव्हतं. इंग्रजी वाक्यात जोर शेवटाकडे असतो. नवी, महत्त्वाची गोष्ट शेवटी येते. 'इट' हे सर्वनाम म्हणजे आधीच ओळखीची वस्तू, तिच्यावर जोर कसला द्यायचा? म्हणून ते अंग चोरून मध्ये बसतं, लोकलमधल्या सडपातळ प्रवाशाने दोघांच्या मध्ये टेकावं तसं. नाम सुटसुटीत असेल तर मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालतं. पण 'काल तू टेबलावर विसरलेलं पुस्तक' एवढा ऐवज असेल तर त्याची जागा शेवटीच.

सगळे जोड मात्र असे सुटत नाहीत. "लुक ॲट इट" मध्ये 'इट' शेवटीच, कारण 'ॲट' हे शब्दयोगी. ते आपल्या नामाला सोडत नाही. कानाने ओळखायची खूण अशी की "लुक इट अप" मध्ये आवाज 'अप'वर चढतो, "लुक ॲट इट" मध्ये 'लुक'वर. फळ्यावर मी दोन वाक्यं लिहिली: 'शी रॅन अप अ हिल' आणि 'शी रॅन अप अ बिल'. ती टेकडी चढली. तिने उधारी करून ठेवली. सर्वनाम घाला. टेकडीचं 'रॅन अप इट', बिलाचं 'रॅन इट अप'. मुलं हसली आणि मग कुणाला पाठ करावं लागलं नाही. (आपल्या देवनागरीत एक भानगड आहेच: 'चा-ची-चे'वाला 'ऑफ' आणि 'निघणे'वाला 'ऑफ' आपण सारखाच लिहितो. निम्मा घोळ तिथे.)

मग लेकीकडे लीड्सला जाणं झालं. नात दीड वर्षाची, पाळणाघरात जाणारी. तिला कडेवर यायचं असलं की हात वर करून म्हणायची, "अप!" बूट ओढत "ऑफ!" दाराशी उभी राहून "आउट!" क्रियापदाचा पत्ताच नव्हता. 'पिक', 'टेक', 'गो' हे सगळं नंतर आलं, जणू सवडीने. मी तिच्या बुटाचा बंद सोडवत होतो आणि ती अधीर होऊन "ऑफ, ऑफ" करत होती. क्रियापद कुठलंही असो, तिला हवं होतं ते काम त्या एका शब्दात पुरतं आलं होतं.

इंग्रजी घरात-परिसरात वाढणारी पुष्कळ मुलं अशीच सुरुवात करतात, कारण जोर त्या शब्दावर असतो आणि तोच कानात राहतो. आम्ही मात्र 'लुक', 'पुट', 'टेक' धरून बसलो. 'अप' धरला असता तर ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, क्लीन अप एका झटक्यात कळले असते. काम पुरतं उरकणं, आपण 'खाऊन टाक', 'संपवून टाक' म्हणतो तेच. 'ऑफ' म्हणजे सुटणं, तुटणं: कट ऑफ, टेक ऑफ, फॉल ऑफ. 'आउट' म्हणजे बाहेर, उघड्यावर किंवा संपलेलं: फाइंड आउट, रन आउट. काही जोड या हिशोबात बसत नाहीत, ते पाठच करावे लागतात. खडकवासल्याच्या एनडीएत 'पासिंग आउट परेड' होते आणि आपण कॉलेजातून 'पास आउट' होतो. एरवी इंग्लंडात 'पास आउट' झालेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारतात.

यादी क्रियापदाची नको, त्या छोट्या शब्दाची करा, एवढंच इंग्रजीच्या शिक्षकांना सांगणं आहे. 1989 मध्ये निघालेल्या कॉलिन्स कोबिल्डच्या फ्रेझल व्हर्बच्या कोशात शेवटी अशी सूची दिलेली आहे. विद्यार्थ्याने कोश मागून उघडावा.