हजेरी

स्टेशनवर झोपणारी माणसं चपला उशाला घेतात. पायात ठेवल्या तर रात्रीतून कोणीतरी काढून नेतं, आणि अनवाणी बाईला सकाळी कोणी कामाला उभं करत नाही. मीही तेच करायची. पुढे चर्चच्या शेल्टरमध्ये खाट मिळाली, धुतलेली चादर मिळाली, कुलपाची पत्र्याची पेटी मिळाली. तरी महिना-दीड महिना चपला उशीखालीच होत्या. सकाळी गालावर पट्ट्यांचे वळ असायचे. शेल्टर सांभाळणाऱ्या ताईंना ते दिसत असणारच, पण त्या एकदाही काही बोलल्या नाहीत.

चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहिलं की पाच मिनिटांत सगळं सांगून होतं. आधी अंधार होता, मग प्रभू भेटला, मग उजेड झाला. मीही तशी साक्ष दिली आहे आणि तिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण तो दीड महिना तिच्यात कुठे बसत नाही.

जन्माने मी ख्रिस्तीच. नगरकडचं गाव, रविवारची उपासना, नाताळच्या करंज्या. लग्नानंतर मार, मग थकलेलं भाडं, आणि एका पावसाळ्यात खोली, भांडी, नातेवाईक सगळंच सुटलं. त्याविषयी जास्त लिहावंसं वाटत नाही. स्टेशनवर भूक सोसते, थंडीही सोसते. एकदा मात्र तापाने मी तीन दिवस पुलाखाली पडून होते. चौथ्या दिवशी आपल्या जागेवर परतले, तर मी नव्हते हे कोणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं. तेवढं सोसलं नाही.

शेल्टरमध्ये रात्री साडेआठला हजेरी व्हायची. ताई चष्मा लावून वहीतलं एकेक नाव वाचायच्या, आडनावासकट. आम्ही बावीस जणी, त्यात हिंदू होत्या, मुसलमान होत्या. हजेरीनंतर प्रार्थना असे, पण बसलंच पाहिजे असं नव्हतं. कितीतरी जणी तेवढ्या वेळात कपडे वाळत घालायच्या. भाकरी दाखवून देव गळ्यात मारतात, असं आमच्या लोकांविषयी बोललं जातं. मी जिथे राहिले तिथे तसं नव्हतं, आणि हे सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

पोळी-भाजी केंद्रावर काम लागलं त्या आठवड्यातली गोष्ट. यायला सव्वादहा झाले. ताई टॉर्च घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "ताट झाकून ठेवलंय." मी जेवायला बसले आणि रविवारच्या शाळेतली शंभर मेंढरांची गोष्ट आठवली. हरवलेल्या एकासाठी मेंढपाळ रानोमाळ हिंडला, हे लहानपणापासून पाठ होतं. पण एक कमी आहे हे त्याला कळलं कसं? तो रोज मोजत असणार. इतक्या वर्षांत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. भात गार झाला होता, माझ्याने घास गिळवेना. माझी श्रद्धा त्या ताटावर सुरू झाली. चपला खाटेखाली कधी गेल्या, ते आठवत नाही.

शेल्टरच्या कपाटात पंडिता रमाबाईंचं चरित्र होतं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेल्यावर रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हतं, म्हणून दोघांनी थडग्यासारखे खड्डे केले आणि कोरडी वाळू गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्या पानावर मी बरेच दिवस अडले. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली गोळा करून आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी स्वतः केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं. लोक त्यांची विद्वत्ता सांगतात, ती थोरच. पण त्या दुष्काळी मुलखातून इतरही पुष्कळ माणसं जात होती. मला वाटतं, त्या मुली दिसल्या त्या पंडितेला नव्हे, वाळूत झोपलेल्या मुलीला.

सरकारी नियमांत शहरी निवाऱ्यात माणशी किमान 50 चौरस फूट जागा ठरवून दिली आहे. ती हवीच, आणि जिथे मिळत नाही तिथे भांडायला हवं. जागेशिवाय नुसती माया पुरत नाही, हे पावसात भिजलेल्या बाईला सांगावं लागत नाही. पण वहीतलं नाव कुठल्या नियमात घालणार?

आता माझी दहा बाय दहाची भाड्याची खोली आहे. आधार कार्डावर तिचाच पत्ता आहे. किल्ली अजून गळ्यातल्या दोऱ्यात असते. दर शुक्रवारी संध्याकाळी शेल्टरमध्ये हजेरी घेण्याचं काम ताईंनी माझ्याकडे दिलंय. परवा चोवीस नावं वाचली, तेवीस जणींनी "हजर" म्हटलं. नवी आलेली, गप्पगप्प राहणारी एक मुलगी नव्हती. तिचं ताट झाकून ठेवायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन मी फाटकाशी जाऊन उभी राहिले.