अंघोळ केली असेल तरी या

"मॅडम, हिची अंघोळ झालीय. आता काही उपयोग आहे का?" कॅज्युअल्टीत लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीसोबत आलेली आई किंवा मावशी बहुधा हेच आधी विचारते. उपयोग आहे. कपडे धुतले असले, दोन दिवस उलटले असले, तरी आहे. आरोग्य मंत्रालयाच्या 2014च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 96 तासांपर्यंत स्वॅब घ्यायचे असतात, आणि उपचार तर त्यानंतरही मिळतात. तपासणीपर्यंत अंघोळ, चूळ भरणं, कपडे बदलणं टाळता आलं तर चांगलंच. पण घडलेलं अंगावरून धुऊन टाकावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. त्यापायी कुणी स्वतःला दोष देत घरी बसू नये.

रक्तस्राव, जखमा, शुद्ध हे आधी बघायचं, पुरावा त्यानंतर. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती 28 दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा रोखणारी गोळीही लवकरच द्यावी. मात्र तोंडावाटे जबरदस्ती झाली असेल तर आधी तोंडातला स्वॅब, मग पाणी आणि गोळी. हा क्रम सिस्टरांच्या हातात इतका बसलेला असावा लागतो की तहानलेल्या मुलीला एक मिनिटही उगाच थांबावं लागू नये.

एफआयआर नाही म्हणून कुणालाही परत पाठवता येत नाही. खासगी दवाखान्यानंही विनामूल्य उपचार नाकारले तर तो गुन्हा आहे. पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे. पण सज्ञान बाईला तक्रार द्यायची नसेल तर तिचा नकार आम्ही नोंदवतो, आणि उपचार चालू राहतात.

संमतीचा कागद एकदा सही करून संपत नाही. उपचार, तपासणी, नमुने, प्रत्येकासाठी वेगळं विचारायचं. "आता मानेवरून कापूस फिरवते, चालेल?" असं म्हणून थांबायचं. ती नको म्हणाली तर तो भाग सोडून पुढे जायचं. जिच्या "नाही"ला कुणी जुमानलं नाही, तिचं "नाही" या खोलीत तरी चाललं पाहिजे. मला हे तपासणीतलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य वाटतं. घाई बाहेरून असते. हवालदार दारात उभे असतात, नातेवाईक हुंदके देत असतात. दार लावून घ्यायला शिकावं लागतं.

कपडे उतरवताना तिला जमिनीवर पसरलेल्या स्वच्छ कागदावर उभं करायचं, म्हणजे अंगावरून पडलेला केस, माती, धागा त्यावर राहतो. तो कागदही घडी करून पाठवायचा. प्रत्येक कपडा वेगळा, सावलीत वाळवून, कागदी पाकिटात. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की त्यात जिवाणू आणि बुरशी वाढते, आणि डीएनए नासतो. स्वॅबसुद्धा हवेवर वाळू द्यायचे. मग लेबल, सील, सही, आणि कुणी कुणाला कधी दिलं याची नोंद. हे काम कंटाळवाणं आहे, आणि पुष्कळ पुरावा इथेच वाया जातो.

हे सगळं पूर्वी असं नव्हतं. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी 2010 साली तपासणीच्या दुरवस्थेवर सविस्तर अहवाल लिहिला. त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवरचा घाला ठरवली, आणि 2022 साली ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं बजावलं. बाईला संबंधांची सवय होती की नव्हती हे ती चाचणी बघायची, पण त्याचा गुन्ह्याशी काडीचाही संबंध नाही. तरीही कुठे कुठे त्या चाचणीचा रकाना असलेले जुने छापील फॉर्म कपाटात पडून असतात. ते फाडून टाकावेत.

सगळ्यात शेवटी अभिप्राय. अंगावर जखम नसेल तर एका ओळीत "जखम आढळली नाही" एवढं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. कोर्टात वकील त्या ओळीचा अर्थ "काही घडलंच नाही" असा लावतात. म्हणून जखम का नसू शकते हेही तिथेच लिहायचं: भीतीनं अंग गोठतं, धमकी असते, गुंगीचं औषध दिलेलं असतं, यायला उशीर झालेला असतो. यातलं तिनं जे सांगितलं, ते तिच्याच शब्दांत उतरवायचं. साक्षीला बोलावणं येईपर्यंत वर्षं गेलेली असतात, आणि त्या दिवशी माझ्या हातात एवढाच कागद असतो.