पायांतली वळवळ

बसल्या बसल्या कुणी पाय हलवलेले आजीला खपत नसत. "लक्ष्मी जाते गं," म्हणत ती गुडघा दाबून धरी. माझ्या आईला मात्र ती काही बोलत नसे. आईचं दुखणं सगळ्या घराच्या डोळ्यांपुढे होतं आणि ते दुखणं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

दिवसभर तिची तक्रार नसे. रात्री पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत, हाडापाशी काहीतरी वळवळू लागे. दुखत नसे, खाजत नसे, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नसे. ती तेल चोळी, जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधी, शेवटी उठून ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारी. चालताना बरं वाटे; आडवी झाली की पुन्हा तेच. हिला मुळी स्वस्थताच नाही, स्वभावच तसा, असं सगळे म्हणत. पुढे पुढे तीही तेच म्हणू लागली, याचा मला आजही राग येतो.

मला दिवस गेले तेव्हा शेवटच्या महिन्यांत माझेही पाय रात्री वळवळू लागले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या आईला होतं का असं?" रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गरोदरपणात तो पुष्कळजणींना होतो, घराण्यातही उतरतो. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकातच त्याचं वर्णन करून ठेवलंय. 1945 मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी त्याला हे नाव दिलं. मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं, आणि ते कमी पडणं हे या वळवळीचं एक मोठं कारण. हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी लोहाचा साठा आटलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो.

पाठोपाठची बाळंतपणं, सगळ्यांच्या मागून जेवण, त्यावर लगेच चहा. आईचा साठा उरणार कुठून? तिचं फेरिटिन तपासलं, ते फारच खाली होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. चहा जेवणापासून लांब गेला. वळवळ पुरती गेली नाही, पण बऱ्याच रात्री आता ती सलग झोपते. सर्दीच्या काही गोळ्यांनी हे बळावतं, म्हणून औषधाच्या दुकानात ती आधी आपल्या आजाराचं नाव सांगते, मगच गोळी मागते.