देवबागला होडीचं फेशियल

तारकर्लीला तुम्ही गेला असालच. पांढरी वाळू, डॉल्फिन, सुरमई थाळी, शंभरेक फोटो आणि रविवारी रात्रीची परतीची गाडी! पण तसंच पुढे देवबागला गेलात, तर एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदी अशी चिंचोळी पट्टी लागते. नदीच्या अंगाला माडांखाली होड्या लावलेल्या असतात. सीझनमध्ये त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. निवांत भेटायचं तर पाऊस सरता सरता जा.

जून-जुलैत मासेमारीला बंदी, पर्यटकांच्या फेऱ्याही पावसाळ्यात बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. झाकण काढलं की मग कळतं, कुणाचं वय किती झालंय.

जुनी फायबरची होडी ओळखायची सोपी टेस्ट आहे. तिच्या अंगावरून तळवा फिरवा. हात खडूसारखा पांढरा झाला, की समजा, होडीला ऊन लागलंय. दोष खाऱ्या पाण्याला देतात सगळे, पण खरा व्हिलन सूर्य. फायबरच्या होडीचा रंग हा वरून मारलेला रंग नसतोच. तो असतो जेलकोट, म्हणजे रंग मिसळलेल्या रेझिनचा थर. होडी साच्यात बनते तेव्हा आधी हा थर पडतो, मग त्यावर काचेच्या तंतूंची चटई आणि रेझिन. अतिनील किरणांनी या थराचा वरचा पापुद्रा मरतो, त्याची भुकटी होते आणि निळी होडी राखाडी दिसायला लागते.

आनंदाची गोष्ट म्हणजे खाली चांगला जेलकोट शिल्लक असतो. एका शेडमध्ये पंधरा-वीस वर्षं जुन्या होडीवर काम चाललं होतं. ‘चकाकी लावूची नसता ओ ताई, काढूची असता,’ होडीमालक काकांनी पहिल्याच वाक्यात सगळा फंडा सांगून टाकला.

आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने अंघोळ. मिठाचा कण राहिला तर पुढे तोच ओरखडे काढतो. मग जुनं वॅक्स आणि तेलाचे डाग पुसायचे. त्यानंतर कोपऱ्यातला वीतभर तुकडा घेऊन नुसतं रबिंग कंपाउंड लावून बघायचं. तेवढ्याने रंग उजळला, तर वॉटर पेपरला हातही लावायचा नाही. नाहीच उजळला, तर 800 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने, मग 1000, मग 1500. प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरचे ओरखडे घालवायचे. शेवटी कंपाउंड, पॉलिश आणि वॅक्स. बफिंग मशीन सावलीत आणि कमी स्पीडवर, एका जागी थांबवायचं नाही, नाहीतर जेलकोट तापून जळतो. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना गॉगल मस्ट!

काकांच्या मुलाला मात्र घाई होती. नव्या होड्यांच्या शेजारी आपली जुनाट दिसते, पर्यटक तिकडे वळतात, तेव्हा घासून एकदम नवी करू, असं त्याचं म्हणणं. त्याचं चूक नव्हतं. घराचा हप्ता या होडीवर चालतो. पण जेलकोट असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. दर वेळी घासताना त्यातलाच थोडा जातो आणि परत येत नाही. कडांवर तर तो आणखी लवकर संपतो. खालचे तंतू दिसायला लागले, की पॉलिशचा उपयोग संपला. मग नवा जेलकोट, नाहीतर पीयू पेंट, आणि त्याचा खर्च वेगळाच. नव्या जेलकोटमध्ये हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के, हवा कोरडी हवी. पावसाळी दमट हवेत तो नीट सेट होत नाही.

शेवटी बापलेकांची तडजोड झाली. पर्यटक चढतात ती बाजू घासून काढायची, बाकीच्या अंगाला फक्त कंपाउंड आणि वॅक्स. नाळेवरचे दोन जुने ओरखडे तसेच ठेवले. ते काढायला गेलं असतं, तर थरच संपला असता.

एवढा जीव का टाकायचा? लाकडी होडी मोडली तर चुलीत जाते किंवा मातीत. फायबरची होडी कुजत नाही आणि प्लॅस्टिकच्या बादलीसारखी वितळवून नवी वस्तूही करता येत नाही. टाकून दिलेली होडी किनाऱ्यावर वर्षानुवर्षं पडून राहते. त्यामुळे आहे ती टिकवणं हाच सगळ्यात स्वस्त आणि स्वच्छ मार्ग.

तेव्हा पुढच्या ट्रिपला होडीत बसण्याआधी कडेवरून हात फिरवून बघा. हात पांढरा झाला तर मालकाला विचारा, ‘वॅक्स कधी लावलं होतं?’ गप्पा तिथूनच सुरू होतील.

जाताय? कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरा. तिथून मालवण आणि मालवणहून तारकर्लीमार्गे देवबाग. होड्यांची डागडुजी बघायची तर पावसाळ्याच्या शेवटी, पण छत्री सोबत हवीच.