चार चाकांवरचं बिऱ्हाड

मोडक्या गाड्यांची हौस पुरुषांना असते म्हणतात. पण इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळच्या आमच्या घरासमोर २०२२ साली एक जुनी फोक्सवॅगन कॅम्पर येऊन उभी राहिली, ती माझ्या हट्टापायी. कॅम्पर म्हणजे आत रांधायची-निजायची सोय असलेली गाडी. जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या गाड्यांत अशी सोय करून द्यायला सुरुवात केली. आमची गाडी १९८६ ची. इंजिन ठीक होतं, पण आतलं सगळं कुजलेलं!

हट्टाला कारण होतं. निवृत्तीनंतर वर्षभरातच ह्यांची बायपास झाली. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण माणूस मुका झाला. "चला, जरा फिरून येऊ," म्हटलं, की "उद्या बघू." तो उद्या काही उजाडेना. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हलकी कामं करायला परवानगी दिली आणि मी ह्यांच्या हातात पेचकस ठेवला.

सुतारकाम दोघांनाही येत नव्हतं. आधी जुनं सगळं काढलं. गालिचा उचलला तर खाली ओल! खिडकीचं रबर झिजून पाणी आत मुरत होतं आणि गंजलेल्या पत्र्यावर कुणीतरी नवी फळी ठोकून मोकळं झालं होतं. मैत्रिणींनो, जुन्या गाडीत पहिला पैसा पडद्यांवर घालू नये, गळती थांबवण्यावर घालावा. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचं काम आम्ही गॅरेजवाल्याला दिलं.

मग कपाटं. जुनी कपाटं भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची होती. ती जड असतात आणि ओलीने फुगतात. म्हणून बारा मिलिमीटरचं प्लायवूड आणलं. पण गाडीची एकही भिंत सरळ नाही! गुण्या लावून माप घेतलं, तर फळी बसेना. दोन फळ्या फुकट गेल्यावर हे वैतागले. मी म्हटलं, "अहो, ब्लाऊज बेततात तसं बेतू या ना!" खाकी कागद भिंतीला चिकटपट्टीने लावला, मुंढा आखतात तशी कडेने बाकदार रेघ ओढली, कागद कापला आणि तो प्लायवर ठेवून फळी कापली. फळी अशी चपखल बसली, की हे बघतच राहिले. "हे आधी का नाही सांगितलंस?" कितीतरी महिन्यांनी ह्यांच्या आवाजात तो जुना, लटका राग ऐकला. मला रडूच आलं.

गॅसचं काम मात्र जाणकाराकडूनच करून घेतलं. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून घट्ट बंद आणि त्याच्या तळाला, गाडीबाहेर उघडणारं भोक. ते कधीही बुजवायचं नाही. ऊब यावी म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून निजायचं नाही. दिव्यांना बॅटरी वेगळी, नाहीतर रात्री वाचत बसावं आणि सकाळी गाडी सुरूच होऊ नये!

पडदे माझ्या जुन्या इरकलींचे केले, पण शेगडीपासून लांब. डबे सगळे घट्ट झाकणाचे. वळणावर हळद सांडली की पुसताना पुरेवाट होते. कुकर लहान, तीन लिटरचा. गॅस वाचतो.

मे २०२३ मध्ये वेल्सला गेलो. रात्रभर पाऊस पडला. मी दोनदा उठून खिडकीखाली हात फिरवला. कोरडं! सकाळी ह्यांनी आपणहून चहा ठेवला आणि पिठलं-भात होईपर्यंत डोंगराच्या पायवाटेने चक्कर मारूनही आले.

कपाटाचं एक दार अजून करकरतं. ह्यांनी ते दुरुस्तीच्या यादीत लिहून ठेवलं आहे. यादी बरीच लांब आहे आणि मी ती संपू देत नाही.